जळकोटची आंबील, तेरचं माहेर

परत आल्यापासून वाडीतला जो तो विचारतो, "काय मास्तर, मराठवाडा बघून आलात?" मी हो म्हणतो आणि पायरीवर टेकतो. खरं सांगायचं तर फारसं काही बघितलं नाही. एक गल्ली बघितली. तिच्या अलीकडचं एक घर आणि पलीकडची एक खोली. बाकी दमलो. अजून तो शीण अंगातून गेलेला नाही. सकाळी चहा ठेवला की पाण्याला उकळी येईपर्यंत उभं राहवत नाही, स्टूल ओढून बसतो. पण ज्यांनी तो मुलूख बघितलेला नाही, आणि ज्यांनी मोडाची आंबील तोंडाला लावलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे.

आधी मी का गेलो ते सांगतो. मी गुहागरकडचा. टेक्निकल शाळेत सुतारकाम शिकवत होतो, आता निवृत्त आहे. बायको सुनंदा बरीच वर्षं झाली, गेली. स्नेहल ही एकुलती एक मुलगी. पुण्यात शिकताना तिची विकासशी ओळख झाली, लग्न झालं. विकासला धाराशिवच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि दोघं तेरला त्याच्या आईवडिलांकडे राहायला गेली. आता स्नेहलला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. सुनंदाने शेवटच्या आजारपणात माझ्याकडून दुसरं काही मागितलं नव्हतं. "पोरीचं बाळंतपण आपल्याकडे करा," एवढंच म्हणाली होती. सातव्या महिन्यात आणायला जायचं ठरलं होतं. मध्येच माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मी निघालो तेव्हा आठवा महिना सरत आला होता आणि चैत्राचं ऊन चढलं होतं.

धाराशिव

कुंभार्ली घाट, कराड, पंढरपूर, सोलापूर असं करत एसटीने पोचलो. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सोलापूर सोडल्यावर खिडकीची पट्टी हाताला पोळायला लागली, एवढं आठवतं. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम येतो, इथे घाम यायच्या आधीच वाळतो. शर्टावर मिठाच्या रेघा उठतात.

विकास स्टँडवर घ्यायला आला होता. शांत मुलगा आहे. माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "बाबा, टोपी नाही आणली?"

"आमच्याकडे टोपी कोण घालतो?"

त्याने जवळच्या दुकानातून एक पांढरा पंचा घेतला आणि माझ्या खांद्यावर टाकला. तो मी घडी करून पिशवीत ठेवला. पुढे जे झालं त्यात या घडीचा मोठा वाटा होता.

तेरची बस संध्याकाळची होती. दोन्ही बाजूंना ज्वारी निघून गेलेली काळी रानं, मधेच कडब्याच्या गंजी, आणि इतकं मोठं आभाळ की डोळ्याला आडोसाच सापडत नाही. माझ्या नव्या भिंगाच्या डोळ्याला तर तो उजेड सोसेना. मी डोळे मिटून घेतले आणि तेर येईपर्यंत मिटलेलेच ठेवले.

तेर

घर दगडी भिंतींचं, वर मातीचं सपाट माळवद. आमच्या उतरत्या कौलांची सवय असलेल्या माणसाला घरावर झाकणच नाही असं वाटतं. दारात स्नेहल उभी होती. तोंडावर सूज, पाय सुजलेले, आणि हसताना मात्र हुबेहूब लहानपणीची. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

विहीणबाई, म्हणजे महानंदाबाई, आतून आल्या. उंच, काटक, पदर डोक्यावरून घेतलेला. पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "बसा पाव्हणं. लई उन्हाचं आलाव. आधी काय तरी गार घ्या, मग बोला."

मला चहाची तहान होती. त्यांनी पितळी वाडगा आणून पुढे ठेवला. आत करडं-तपकिरी, पातळ, वर जिऱ्याचे दाणे तरंगताहेत. मी वाडगा नाकाजवळ नेला. आधी लसूण आला, त्याच्या मागून आंबूस वास, आणि त्याच्याही मागून काहीतरी गोडसर. पावसाळ्यात भाताच्या कोठारात येतो तसा, ओल लागलेल्या धान्याचा.

"ही आंबील का?" मी विचारलं. आमच्याकडे नाचणीची करतात, ती मला माहीत होती.

"आंबीलच. पर मोडाची," विहीणबाई म्हणाल्या. "ज्वारीला मोड आणायचे, वाळवायचे, मग दळायचं. या गावात कुणी करत न्हाय. पिठाची करत्यात साधी. ही आमच्या जळकोटची. माझी आई करायची."

पहिला घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. जीभ ठरवू शकत नव्हती की हे आंबट आहे, गोड आहे की तिखट. घशाखाली उतरताना पिठाचे बारीक कण टाळूला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं नाही. आमची पेज कशी, साधी, भाताची, तिला स्वतःचं काही म्हणणं नसतं. आजारी माणसाने प्यावी आणि झोपावं. या वाडग्यातल्या पेयाला मात्र बरंच म्हणणं होतं.

आमच्याकडे नको असेल तर पाहुणा भांड्याला हात लावून "पुरे" म्हणतो आणि घरचे आग्रह सोडतात. मी तसा हात लावला. विहीणबाईंनी वाडगा पुन्हा भरला. स्नेहल तोंडाला पदर लावून हसायला लागली. नंतर तिने सांगितलं की इथे वाडग्याला हात लावणं म्हणजे अजून वाढा. मी दुसरा वाडगाही संपवला. त्या रात्री मात्र प्रवासात सुकलेलं पोट गार पडलं आणि मी मेल्यासारखा झोपलो.

नदीकडे

दुसऱ्या दिवशी विषय काढला. व्याही गुंडेराव रानातून येऊन ओसरीवर टेकले होते. ते फार कमी बोलतात. मी म्हणालो, "दोन दिवसांनी स्नेहलला घेऊन निघावं म्हणतो. कराडपर्यंत गाडी करीन."

गुंडेरावांनी बायकोकडे बघितलं. विहीणबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "त्या घाटातनं? आठव्या महिन्यात?"

"हळू नेईन."

"आन् तिथं कोण हाय बघायला?"

"शेजारच्या काकू दोन वेळा येऊन जातील. स्वयंपाक मी करतोच. सगळं लावून ठेवलंय."

"पाव्हणं, बाळंतीण म्हंजे काय भिंतीवरचं घड्याळ न्हाय, दोन येळा चावी दिली की झालं." सुपातला एक खडा त्यांनी उचलून अंगणात टाकला. "हितं म्या हाय, दवाखाना धाराशिवला हाय, विकास हाय. राहू द्या तिला."

"पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं," मी म्हणालो. "तिच्या आईचा शब्द आहे."

विहीणबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. स्नेहल आत होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. मला तिथे बसवेना, म्हणून गाव बघून येतो म्हणून बाहेर पडलो. दुपार कलायला अजून वेळ होता. पंचा पिशवीतच राहिला.

तेर फार जुनं गाव. विटांचं एक देऊळ आहे, इतकं जुनं की वीट आहे की दगड हे हात लावूनच कळतं. मी सुतार माणूस, पण गवंड्याचं काम कळतं. त्या विटांचे सांधे बघत बराच वेळ उभा राहिलो. मग वस्तुसंग्रहालयात गेलो. तिथे जमिनीतून निघालेली मातीची खेळणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत. शंख इथे कुठून आला असेल? समुद्र तर माझ्या घरी. कुणीतरी तो घेऊन इतक्या लांब चालत आलं असणार, आणि माझ्याइतकंच दमलं असणार. त्या काचेसमोर उभा असताना मला पहिल्यांदा भोवंडल्यासारखं झालं. वाटलं, उपाशी आहे म्हणून असेल.

तेरणा बघायची म्हणून तसाच पुढे गेलो. पात्रात वाळू आणि बाभळी, मधे एक हिरवं डबकं, त्यात म्हशी बसलेल्या. काठावर एक कडुनिंब दिसत होता. त्याच्या सावलीपर्यंत पोचायचं ठरवलं. तेवढंही जमलं नाही. डोळ्यासमोर आधी सगळं पिवळं झालं, मग पांढरं, आणि वाळू एकदम गालाला लागली.

म्हशीवाल्याने पाहिलं म्हणून बरं. त्याने मला ओढत सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं आणि एक रिक्षा थांबवली. "कुणाचं पाव्हणं तुमी?" तो परत परत विचारत होता. मला गुंडेरावांचं नाव आठवेना. शेवटी म्हणालो, "स्नेहलचा बाबा." त्याला एवढं पुरलं. गावात कोकणची सून एकच होती.

अंथरूण

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. उलट्या झाल्या, ताप चढला. विकास डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी सलाईन लावलं आणि ऊन लागलंय, हलवू नका, असं सांगून गेले. माझ्या पोटात पाणी ठरत नव्हतं. साखरपाणी, लिंबूपाणी, गोळ्या, सगळं बाहेर. डोळे उघडले की वर माळवदाच्या तुळया दिसायच्या आणि मी त्या मोजायला लागायचो, मोजता मोजता झोप लागायची.

एकदा डोळे उघडले तर स्नेहल उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. लाईट गेली होती. ते मोठं पोट घेऊन जमिनीवर बसलेली, एक हात मागे टेकवलेला. मी तिला न्यायला आलो होतो, तिची सेवा करायला. आता ती माझी करत होती. "तू ऊठ," मी म्हणालो. आवाज फुटला नाही. तिला कळलं असावं, कारण म्हणाली, "बाबा, गप्प पडा हो."

मग विहीणबाई आल्या. हातात तोच वाडगा. मी तोंड फिरवलं.

"ती लसणाची न्हाय," त्या म्हणाल्या. "मीठ आन् जरा ताक, एवढंच. चमच्या-चमच्यानं घ्या. मोडाची हलकी असती, पोटात ठरती."

चमच्याने दिली. पहिला चमचा पोटात ठरला. दुसराही. त्या प्रत्येक चमच्यानंतर थांबत होत्या, माझ्या गळ्याकडे बघत. या वेळी लसूण नव्हता, म्हणून खालची चव कळली. धान्याच्या आतली गोडी. साखरेची नाही, कणसातला कोवळा दाणा चावल्यावर येते तसली. तिच्यावर आंबटपणाचा पातळ पापुद्रा. दोन दिवस मी दुसरं काही घेतलं नाही. आवडलं का, हा प्रश्न तेव्हा नव्हताच. अंगाला हवं होतं. तिसऱ्या दिवशी वाडग्यासाठी मी स्वतः हात पुढे केला, तेव्हा स्नेहलने विहीणबाईंकडे बघितलं आणि दोघी हसल्या.

बरं वाटायला लागलं तशी तिला नेतो म्हणण्याची माझी हिंमत मात्र गेली. भिंतीला टेकून बसलो होतो. गुंडेराव दाराशी, विहीणबाई चुलीजवळ, स्नेहल खाटेच्या कडेला. मीच म्हणालो, "विहीणबाई, तुमचं बरोबर आहे. मी तिला नेत नाही. माझ्याच्यानं होणार नाही."

मला वाटलं सगळ्यांना सुटल्यासारखं होईल. पण स्नेहल रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी.

"काय झालं गं?" विहीणबाईंनी विचारलं. "दुखतंय का?"

"नाही, आत्या." तिकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. "तुम्ही सगळं करता माझं. काही कमी नाही. पण मला थोडे दिवस सून असायचं नाहीये. कुणी आलं की उठायचं नाहीये. पदर सावरायचा नाहीये. रडायला आलं तर मोठ्याने रडायचंय. आईचं घर आता राहिलंच नाही, मला माहीत आहे. पण बाबा येणार म्हणून मी दिवस काढले."

चुलीवरची फोडणी करपायला लागली. विहीणबाईंनी कढई खाली उतरवली, हात पुसले आणि चपला घालून सरळ बाहेर गेल्या. गुंडेराव खाली बघत राहिले. मी मनात म्हटलं, झालं. जिने इतकं केलं तिलाच दुखावलं. स्नेहलने बोलायला नको होतं, आणि मीही विषय काढायला नको होता.

बराच वेळ त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा बरोबर समोरच्या घरातल्या हौसाक्का होत्या, एकट्या राहणाऱ्या, पोरं सगळी बाहेरगावी असलेल्या. दोघी चौकटीत उभ्या राहिल्या.

"हौसाक्काची पलीकडची खोली मोकळी हाय," विहीणबाई मला म्हणाल्या. "न्हाणी हाय, चूल हाय. तुमी तिथं बिऱ्हाड करा. आन् न्या तुमच्या लेकीला माहेरी."

मला समजायला वेळ लागला. "समोर?"

"व्हय. समोर. घाट न्हाय मधी, गल्ली हाय."

हौसाक्का म्हणाल्या, "आन् म्या हाय की रात-बेरात. माझ्या दारात आलेली लेक माझी बी लेकच. फिकीर करू नगा."

स्नेहल रडायची थांबली होती. विहीणबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "म्या न्हाय यायची तिकडं. माहेरी गेलेल्या सुनंच्या मागं सासू जात न्हाय. बोलावलं तरच येईन."

गल्लीपलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल माहेरी निघाली. मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्या घरात कुणी हसलं नाही. विहीणबाईंनी तिला नवं लुगडं दिलं, खणा-नारळाने ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं. गुंडेरावांनी बॅग उचलली. स्नेहल सासूच्या पाया पडायला वाकायला लागली तर त्यांनी धरून उभं केलं. "वाकू नगस. नीट जा. पोचल्यावर कळव."

आम्ही गल्ली ओलांडली. गुंडेरावांनी बॅग आत ठेवली, पाहुण्यासारखे कडेला बसले, मी दिलेला चहा प्याले आणि "येतो मग" म्हणून परत गेले. समोरच्या दारात विहीणबाई उभ्या होत्या. स्नेहलने इकडून हात वर करून सांगितलं, "पोचले, आत्या." त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

मी वाडीतल्या काकूंना फोन करून आणखी बरेच दिवस येत नाही म्हणून कळवलं. खोलीचं दार खाली घासत होतं ते उतरवून त्याला रंधा मारला. चूल मला जमत नव्हती, विकासने गॅसची शेगडी आणून दिली. भाकरी जमायला वेळ लागला. तोवर हौसाक्का थापून द्यायच्या आणि मी भात, आमटी करायचो. स्नेहल दिवसभर गाऊन घालून पाय पसरून बसायची. दोनदा तर मोठ्याने रडलीसुद्धा, कारण नसताना, आणि मी कारण विचारलं नाही. विकास कॉलेजातून आला की आधी आईकडे जायचा आणि मग जावई म्हणून इकडे यायचा. हे सगळं गावाने दोन दिवसांत मान्य करून टाकलं. दुधवाला दूध घालताना विचारायचा, "सासरचं का माहेरचं?"

आंबील मात्र अडली. स्नेहलला रोज ती हवी असायची आणि सासरहून माहेरी रोज डबा यावा हे विहीणबाईंना पटेना. "माहेरचं माहेरच्यांनी करावं," त्या त्यांच्या उंबऱ्यावरून म्हणाल्या. "ज्वारी देती. करा. म्या सांगती."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. त्या त्यांच्या दारात, मी माझ्या दारात, मधून सायकली, शेळ्या, भाजीचा गाडा. ज्वारी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवली.

"पाणी शिंपडलं का?"

"शिंपडलं."

"लई न्हाय ना? वास मारतंय मग."

मोड आले. पांढरे, वाकडे, इतके सुरेख की मी ते ज्वारीसकट तसेच वाळवले आणि गिरणीतून दळून आणले. शिजवलेली आंबील मी आधी स्वतः चाखली. कडू. वाडगा घेऊन दारात आलो आणि हे सांगितलं.

"मोड चोळून काढले न्हाईत?"

"मोड तर आणायचे होते ना?"

विहीणबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आणायचे, वाळवायचे, मग चोळून पाखडून टाकायचे. मोडाची गोडी दाण्यात उतरती, कोंबात कडू ऱ्हातं. कवळी ज्वारी खाऊन ढोरं मरत्यात, म्हाईत न्हाय व्हय? पोरीला न्हाय ना दिली?"

"नाही. मीच चाखली."

"फेका ती. शेळीलाबी घालू नगा."

स्नेहल आत झोपली होती. तिला आधी दिली असती तर, हा विचार पुढे कितीतरी दिवस मधेच यायचा. सगळं पीठ मी खड्डा करून पुरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी वाळलेले दाणे सुपात घेऊन तळहाताने चोळले. पाखडणं मला येत नाही, ते हौसाक्कांनी केलं. दाणे तव्यावर जरा शेकले, दळले, फडक्यातून गाळले. ताकात कालवून रात्रभर ठेवलं, सकाळी शिजवलं, गार केलं, मीठ-जिरं घातलं. स्नेहलने वाडगा तोंडाला लावला. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो.

"आत्यांपेक्षा जरा दाट आहे," ती म्हणाली आणि वाडग्याला हात लावला. मी पुन्हा भरला.

मुलगी झाली. धाराशिवच्या दवाखान्यात, त्रास होऊन, पण दोघी सुखरूप. तिथे विहीणबाई होत्या, मी बाहेर बाकावर होतो. परत आल्यावर मात्र रिक्षा पलीकडच्या दारात थांबली आणि विहीणबाई बाळ हौसाक्कांच्या हातात देऊन आपल्या घरी गेल्या. नियम म्हणजे नियम.

बाळाला तेल लावायला, शेक द्यायला हौसाक्का होत्या. आंबील माझ्याकडे. जागरणं आम्हा सगळ्यांनाच. दुपारी समोरच्या उंबऱ्यावर विहीणबाई धान्य निवडत बसायच्या, बाळ रडलं की हात थांबायचे. एका दुपारी स्नेहल म्हणाली, "बाबा, त्यांना बोलवा ना. रीतसर."

मी शर्ट बदलला आणि गल्ली ओलांडून गेलो. "विहीणबाई, आज आमच्याकडे या."

त्या उठल्या. आत जाऊन साडी बदलून आल्या, केस नीट केले. आमच्या खोलीत शिरताना दाराशी थांबल्या आणि मी "या" म्हटल्यावरच आत आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, बराच वेळ बघितलं, परत स्नेहलजवळ ठेवलं. मी वाडगा भरून पुढे ठेवला.

"तुमी केली?"

"मोड चोळून काढले," मी म्हणालो.

त्यांनी एक घोट घेतला आणि वाडगा दोन्ही हातांत धरून बसल्या. काही चुकलं की काय, मला कळेना.

"माझ्या हातची रोज पिती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं करून दिल्याली आई गेल्यापासनं पिली न्हाय. जळकोटला आता कोण बोलवतंय. भाऊ हायत. पर त्यांचं त्यांना झालंय."

त्यांनी सावकाश वाडगा संपवला. हौसाक्का म्हणाल्या, "महानंदा, टेक जरा. हितं कोण बघतंय." विहीणबाई नको नको म्हणत भिंतीकडे सरकल्या, चटईवर आडव्या झाल्या आणि बघता बघता झोपल्या. डोक्यावरचा पदर सरकला होता. इतक्या दिवसांत मी त्यांना आडवं झालेलं बघितलं नव्हतं. झोपेत चेहरा फार थकलेला दिसत होता, आणि वयाने लहानही.

दिवेलागणीला गुंडेराव रानातून आले. घराला कडी बघून गल्लीत उभे राहिले, मग आमच्या दाराशी आले. "हिकडं हाय का ती?"

स्नेहलने ओठांवर बोट ठेवलं. "मामा, झोपल्यात. आज राहू दे त्यांना इथंच. भाकरी मी—"

"तू बस," मी म्हणालो. "मी टाकतो दोन भाकरी."

गुंडेरावांनी आत डोकावून बघितलं. बायको भिंतीकडे तोंड करून, हाताची उशी करून झोपली होती. ते तसेच परत गेले. मला वाटलं रागावले. पीठ मळायला घेतलं तोवर पुन्हा पावलं वाजली. ते दारात होते, काखेत एक उशी.

"हातावर निजली की मान धरती तिची," ते हळू म्हणाले, उशी उंबऱ्याच्या आत ठेवली, आणि गल्ली ओलांडून आपल्या घराची कडी काढायला गेले.